तारीख विचारलीच नाही

सात बिऱ्हाडांची ती वस्ती उठवली दुसऱ्यांनी. पण तिला परत बसण्याची एक वाट होती आणि ती बंद झाली माझ्यामुळे. हे मी त्या माणसांना तोंडावर सांगितलं आहे. आता इथे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी चूक करणारे वकील मला अजून भेटतात.

जून 2014. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर मी एका वरिष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होते. कार्यालयात आवाज पोचत नव्हता, म्हणून खाली फुटपाथवर येऊन फोन घेतला. फोन सोलापूर जिल्ह्यातून होता, मामांचा. नात्यातले नव्हेत. आमच्या घरचा पाटा-वरवंटा त्यांनीच घडवलेला आणि जात्याला टाकी लावायला त्यांची बायको, आमची मावशी, दरवर्षी यायची. जातीनं वडार.

“ताई, मालक वारला. पोरांनी रान इकलं. नवा मालक म्हनतो, चार दिसांत पालं काढा. काय करावं?”

“सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?”

“न्हाई.”

“भाडेपावती?”

“कसली पावती? म्हाताऱ्यानं तोंडानंच सांगितलं हुतं, ऱ्हावा म्हून.”

“मग मामा, जमीन खाजगी आहे. कायद्यानं काही करता येणार नाही. थोडी मुदत मागून घ्या आणि निघा.”

फोन चार-पाच मिनिटांत संपला. किती वर्षं राहताय, काय बांधलंय, रेशनकार्डावर पत्ता कुठला, यातलं मी काहीही विचारलं नाही. ती माणसं तिथे सोळा वर्षं राहत होती, दगडी ओटे त्यांनी स्वतः बांधले होते आणि आडही स्वतः खणला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी तसं का बोलले, याचा नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या डोक्यात झोपडीचा कायदा म्हणजे सरकारी जमिनीचा कायदा होता. 1985 चा ओल्गा टेलिस खटला मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांचा होता. दिल्ली उच्च न्यायालयाचा 2010 चा सुदामा सिंग निकाल मला जवळजवळ पाठ होता. आधी पाहणी, मग पुनर्वसन, मग उठवणं, हे सगळं तिथे होतं, पण समोर सरकार होतं. खाजगी मालक आला की मालकाची जमीन, मालकाची मर्जी, अशी माझी समजूत होती. शेतमालकांच्या घरात वाढलेल्या मुलीला ती समजूत तपासून पाहावीशीही वाटली नाही.

पाचव्या दिवशी जेसीबी आला. ना नोटीस, ना कोर्टाचा हुकूम. दोन पालांतलं सामान काढायलाही वेळ मिळाला नाही. घण आणि छिन्न्या मातीखाली गेल्या. मला कळलं तेव्हा मी थोडे पैसे पाठवले आणि दुसरा चुकीचा सल्ला दिला: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद द्या. मामा तीनदा पोलीस ठाण्यात गेले आणि तीनदा परत आले. पुस्तकाप्रमाणे पोलिसांचं बरोबर होतं. कर्नाटकात भोवी-वड्डर अनुसूचित जातीत आहेत. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, वडार विमुक्त जातींत येतात आणि विमुक्त म्हणून तो कायदा लागू होत नाही. एकाच जमातीची माणसं, सोयरीकही दोन्हीकडे. हा फरक मला ठाऊक असायला हवा होता. त्या खेपांमध्ये पावसाळा संपला.

फेब्रुवारी 2015 मध्ये मी ब्रिटिश कौन्सिलमध्ये वाचत बसले होते. आमच्या कार्यालयाच्या रस्त्यावरच ती इमारत आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेली. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचं काळ्या-पांढऱ्या दगडातलं प्रचंड झाड आहे. आत जाताना दर वेळी वाटायचं, हा दगड घडवणाऱ्यांची नावं कुठे लिहिली असतील? त्या दिवशी इंग्लंडमधल्या जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांच्या राहण्याच्या हक्कांवर वाचत होते. खाजगी मालकाच्या परवानाधारक तळावर करारानं फिरतं घर उभं असेल, तर 1968 च्या कायद्यानुसार कोर्टाच्या हुकमाशिवाय मालक ते हलवू शकत नाही. वाचून मला हेवा वाटला. आपल्याकडे असं काही नाही, असा लेख लिहायला घेतला. पुढे वाचलं तर विनापरवाना, मोकळ्या खाजगी जमिनीवर तळ टाकणाऱ्यांना तिथलं संरक्षण फार थोडं. जमीनमालक कोर्टात न जाताही त्यांना माफक बळ वापरून हटवू शकतो. तुलनेसाठी मी आपला 1963 चा विशिष्ट साहाय्य कायदा काढला. कलम 6.

स्थावर मालमत्तेचा ताबा असलेल्या माणसाला त्याच्या संमतीविना, कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलं, तर तो ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न त्या दाव्यात येतच नाही. सरकारविरुद्ध हे कलम चालत नाही, खाजगी माणसाविरुद्ध चालतं. म्हणजे माझी समजूत नेमकी उलटी होती. स्थिरावलेला ताबा असेल तर राहण्याचा हक्क नसलेल्यालाही मालकानं कोर्टामार्फतच काढायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये कृष्णराम महाले खटल्यात आणि 2003 मध्ये रामे गौडा खटल्यात सांगितलेलं आहे. ते न्यायालय माझ्या कार्यालयापासून जवळच.

आणि त्या दाव्याची मुदत सहा महिने.

मी बोटांवर मोजले. जून ते फेब्रुवारी, आठ. उशीर माफ करा असा अर्ज अपिलाला करता येतो, दाव्याला नाही. सहा महिन्यांनंतरच्या दाव्यात मालक आपला सातबारा पुढे करतो आणि तिथे मामांकडे दाखवायला काही नव्हतं.

दावा जिंकलाच असता, असं मी म्हणत नाही. ताबा केवळ परवानगीचा होता, असं समोरचा वकील म्हणाला असता. आठ दिवसांसाठी उतरलेल्या पालांना तर स्थिरावलेला ताबा मिळतच नाही, आणि भटक्यांचे बहुतेक तळ तसेच असतात. पण इथे सोळा वर्षं होती, दगडी ओटे होते, आड होता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात परवानगी काढून घेतल्यावरही निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो. परवानगीच्या भरवशावर कोणी खर्च करून कायमचं बांधकाम केलं, तर ती काढून घेता येत नाही, असंही कलम त्यात आहे. हे सगळं मांडता आलं असतं. निदान जेसीबी थांबवणारा मनाईहुकूम मागता आला असता. माझ्याकडे पूर्ण चार दिवस होते.

मार्चमध्ये मी गावी गेले. बिऱ्हाडं दोन ठिकाणी विखुरली होती. मामा रस्त्याकडेच्या एका पालात होते. मी सगळं सांगितलं, कलमासकट. मामा गप्प राहिले. मावशी म्हणाली, “मंग तवा का न्हाई सांगितलंस?”

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. ते पुरतं खरं नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. हेच जर आमच्या शेतातून कोणी वडिलांना काढलं असतं, तर रात्रभर पुस्तकं चाळली असती.

नंतर विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेचे अर्ज भरायला घेतले. त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा. रेशनकार्डावरचा पत्ता त्या रानाचा होता आणि तिथे आता कोणी राहत नव्हतं. सातांपैकी तिघांचेच कागद पुढे सरकले.

आता फोन आला की मी सातबाऱ्याचं नंतर विचारते. आधी विचारते, कोणत्या तारखेला काढलं, किती वर्षं होता, काय बांधलंत. वाचणाऱ्यांतल्या वकिलांनीही एवढं तरी करावं. वकील नसाल आणि तुमच्या शिवारात जुनी पालं उठवली जात असतील, तर फोटो काढा, दिवस लिहून ठेवा आणि त्या घरातल्या एखाद्या बाईला तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन जा. 1987 च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र लवकर जा. सहा महिने जेसीबी आल्या दिवसापासून मोजले जातात.