हातभर रस्ता

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या काँग्रेस रोडवर एक मोटार मागून हॉर्न देत अशी खेटून गेली, की हँडलला अडकवलेली भाजीची पिशवीच तिला घासली. मी गटारीकडे कलंडले, गुडघा फुटला. पुढच्या सिग्नलला तीच गाडी उभी! काचेवर थाप मारून चांगलं खडसावावं, असं फार वाटलं. पण आतला माणूस आधीच तापलेला, आणि हाताखाली एवढं मोठं लोखंड. मागेच थांबून नंबर लिहून घेतला.

घरी हे म्हणाले, "आता सायकल पुरे." मुलगा म्हणाला, "आई, कडेनं चालव." अहो, कडेनंच तर चालवत होते! आपण कडेला सरकलो की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू या. आता मी कडेपासून हातभर आत, सरळ चालवते. वळताना हात दाखवून मागच्या ड्रायव्हरकडे नीट बघते. कुणी अंगावरच येत असेल तर उतरून जाऊ देते.

चौकीत विचारलं, "मावशी, फार लागलं नाही ना? मग कशाला?" म्हटलं, मोटार कायद्याचं १८४ कलम धोकादायक चालवण्यासाठीच आहे, त्याला माणूस मरावा लागत नाही. अर्ज घेतला बाई त्यांनी.

परवा भाजीला गेले. सायकलवरूनच.