सोडताना

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो. पाना थोडा फिरवला की कळ येते. म्हणून आता पाना माझ्या नालासोपाऱ्याच्या विद्यार्थिनीच्या हातात, आणि मी समोर स्टुलावर. इतकी वर्षं कंपाउंड धनुष्यं उघडली, पण धनुष्याचे लिम्ब, म्हणजे लवचीक बाहू, दाबून स्ट्रिंग सैल करणारा पोर्टेबल प्रेस चालताना नुसतं बघत कधी बसलो नव्हतो.

टेबलाला ठोकलेला प्रेस बऱ्याच चुका पोटात घालतो. पण विरार लोकलच्या गर्दीत खांद्यावरच्या बॅगेतून मैदानावर जातो तो पोर्टेबलच: पोलादी केबल, दोन ब्रॅकेट, आट्यांचा दांडा. सामन्याच्या मधेच कुणाचं पीप, म्हणजे स्ट्रिंगमधलं नेम धरायचं छिद्र, फिरलं, स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या दोऱ्याचं सर्व्हिंग उसवलं, की मला शोधत येतात. ते मला फार आवडतं. पोरं गोल करून उभी राहतात तेव्हा मी गरजेपेक्षा सावकाश काम करतो, हेही खरं.

माझं घोडं अडतं ते खालच्या ब्रॅकेटपाशी. स्प्लिट लिम्बच्या दोन पात्यांवर तो केसभर तिरका बसला की एकच पातं जास्त भार घेतं. "मनगटाला कळतं," असं मी ऐटीत सांगायचो, आणि बऱ्याच अंशी ते कळतंही. पण समोरून पाहिल्यावर दिसलं, की वरचा ब्रॅकेट पहिल्या ताणातच जागा धरतो. खालचा अंमळ उशिरा, बारीक 'टक्' करून. आता पहिला ताण आला की मी तिला थांबवतो. कॅम, म्हणजे लिम्बच्या टोकाचं चाक, आणि पाती यांमधली फट दोन्ही अंगांनी उजेडाकडे धरून बघायची. सारखी असेल तरच पुढे. स्ट्रिंग सैल पडली की बस, त्यापुढे एक आटाही नाही. पूर्ण खेचल्यावर तिरंदाजाच्या हाताला वजन हलकं लागतं ते कॅममुळे. लिम्बला तशी सवलत नसते.

दाबताना सगळेच जपतात. घात होतो तो सोडताना. काम झालेलं असतं, पंच हाक मारत असतात. स्ट्रिंग दोन्ही कॅमच्या खाचेत बसली का, केबल आपल्या जागी आहे का, हे अर्धवट ताणावर थांबूनच पाहायला हवं. तेही डोळ्यांनी, बोट न घालता, चष्मा लावून, लिम्बच्या रेषेतून बाजूला होऊन.

ट्रकवर माल बांधायच्या पट्ट्यांनी धनुष्य दाबणारे लोक मी पाहिलेत. अंगावर काटा येतो. लिम्ब बोल्ट वाटेल तेवढे सोडून पीप सरकवणारेही आहेत. कंपनीने घातलेल्या मर्यादेपलीकडे बोल्ट गेला तर लिम्ब खोबणीतून उसळतं, हे त्यांना कोण सांगणार?

2023 साली बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. आईबाप हौसेने महागडी धनुष्यं घेऊन देतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण 50 मीटरवर बाण एकाच जागी जायचे तर दोन्ही कॅम एकाच क्षणी थांबावे लागतात, आणि ते तपासणारी मुलं मला फार थोडी भेटतात. कॅमवरची खूण सरकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. वसईची खारी हवा बोल्ट गंजवते, तेही कुणी पुसत नाही.

माझी विद्यार्थिनी पुसते. तिने खालच्या ब्रॅकेटला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली. मी काढायला लावली. रबर दबतं आणि तिरकेपणा झाकतं. सध्या चामड्याची पातळ पट्टी आहे. तरी 'टक्' होतंच. कानस मी लावू देत नाही, कारण ते ब्रॅकेट मी स्वतः घासून बसवलेले आहेत. एकटीला प्रेसही अजून दिलेला नाही. तिला मी सुरक्षेचं कारण सांगतो, पण मैदानावर लोक माझ्याऐवजी तिला शोधू लागतील, ही धास्तीही त्यात आहे.