फ्रेझरचे जंगल आणि डेन्व्हरचे नळ

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा घाट चढून मी ११,३०७ फुटांवरच्या बर्थूड खिंडीतून फ्रेझर खोऱ्यात उतरलो. ही खिंड म्हणजे जलविभाजक. पलीकडचे पाणी निसर्गाच्या नेमाने कोलोरॅडो नदीकडे जायचे. पण १९३६ पासून त्यातले काही मॉफट बोगद्यातून डोंगराखालून उलटे डेन्व्हरला येते. म्हणूनच इथल्या झाडांचा पाण्याशी असलेला हिशेब शहराला महत्त्वाचा वाटतो. जंगल कमी केले तर ओढ्यांना पाणी वाढते का, याचे सर्वात ठोस उत्तर फ्रेझरच्या प्रायोगिक जंगलातला फूल क्रीक हा ओढा देतो. १९५४ ते १९५६ दरम्यान त्याच्या पाणलोटातले सुमारे ४० टक्के जंगल एकाआड एक पट्ट्यांत तोडले आणि शेजारच्या ओढ्याचे खोरे तुलनेसाठी तसेच राखले. सुरुवातीच्या वर्षांत वाहते पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. स्प्रूस आणि फरच्या फांद्यांवर अडकलेले बर्फ वितळण्याआधीच उन्हावाऱ्याने उडून जाते. मोकळ्या पट्ट्यात तेच जमिनीवर साठते. शिवाय तोडलेली झाडे मातीतला ओलावा ओढत नाहीत.

पण यावरून ‘झाडे कमी, पाणी जास्त’ असा सरसकट नियम काढणे मला पटत नाही. फूल क्रीकची बरीचशी वाढ मे महिन्यात, बर्फ वितळू लागताच आली. तेव्हा ओढे आधीच भरू लागलेले असतात. ते पाणी साठवायला धरण नसेल, तर उन्हाळ्याअखेरच्या टंचाईत त्याचा उपयोग नाही. झाडे पुन्हा वाढली तशी ही वाढही ओसरत गेली. आणि विरळणी म्हणजे पट्टातोड नव्हे: मधली काही झाडे काढली तर उरलेली झाडे सुटलेला ओलावा पिऊन टाकतात. जगभरच्या ९४ पाणलोटांच्या प्रयोगांचा १९८२ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात २० टक्क्यांहून कमी आच्छादन घटले तर प्रवाहातला फरक मोजता येत नाही, असेच दिसले. फ्रेझरच्याच परिसरात या शतकाच्या सुरुवातीला भुंग्यांनी पाइनची अफाट जंगले मारली, तेव्हाही अनेक ओढ्यांना अपेक्षित वाढ आली नाही. वाळलेल्या झाडांतून ऊन-वारा खाली पोहोचून बर्फ उडाले आणि खालची रोपे जोमाने वाढली.

मग विरळणी करूच नये का? करावी, पण कारण वेगळे आहे. डेन्व्हरच्या दक्षिणेला, साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात, १९९६ मध्ये बफेलो क्रीकचा आणि २००२ मध्ये हेमनचा वणवा पेटला. झिजून सुट्या झालेल्या ग्रॅनाइटची माती पावसाने धुऊन शहराला पाणी देणाऱ्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्स जलाशयात उतरली, आणि या वणव्यांनंतरच्या दुरुस्तीवर शहराचे अडीच कोटी डॉलरहून जास्त खर्च झाले. दाट वाढलेली झाडे आणि खालचा वाळका पाचोळा कमी केला, तर आग शेंड्यांवर चढत नाही आणि माती जागेवर राहते. डेन्व्हरच्या पाणीपुरवठा विभागाने २०१० पासून वनखात्याबरोबर अशा कामावर पैसा लावला. तो खर्च मला रास्त वाटतो. जास्त पाण्याचे आश्वासन देऊन जर कोणी कुऱ्हाडीला परवानगी मागितली, तर ती देऊ नये.