खटखट

यंत्रांचा आवाज कमी व्हावा म्हणून माणसाने पुष्कळ खटपट केली. संगणकाचा कळफलक असाच शांत झाला. आता गंमत पाहा! त्याच शांत कळफलकाला जुना आवाज परत देणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. बोटाने कळ दाबली, की टाइपरायटरची खटखट ऐकू येते. हॉलिवूडचे नट टॉम हँक्स यांना जुने टाइपरायटर जमवण्याचा छंद आहे. त्यांच्या नावाचे 'हँक्स रायटर' हे असेच एक ॲप २०१४ मध्ये आले.

याची रीत सोपी आहे. खऱ्या यंत्राचे आवाज आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. आपण कळ दाबली, की सॉफ्टवेअर तो आवाज तत्काळ वाजवते. थोडा जरी उशीर झाला, तरी बोट आणि कान यांची जोडी फुटते आणि मजा जाते.

टाइपरायटरला मात्र आवाज मुद्दाम द्यावा लागत नसे. कळ दाबली, की अक्षराची दांडी उसळून शाईच्या रिबिनीवर आदळे आणि कागदावर अक्षर उमटे. ओळ संपत आली, की घंटी वाजे. तो आवाज म्हणजे काम झाल्याची पावतीच होती. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर तयार केला. २००९ मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. मी ज्या टायपिंग क्लासमध्ये शिकलो, तेथे एका खोलीत वीस यंत्रे एकदम चालत. रस्त्यावरूनच क्लास ओळखू येई. कोणाचा हात लयीत चालला आहे आणि कोण अडखळतो आहे, हे आमचे सर पाठमोरे उभे राहूनही सांगत.

आवाजाची ही ओढ टाइपरायटरपेक्षा जुनी आहे. उर्दूत लेखणीच्या कुरकुरण्याला 'सरीर-ए-खामा' म्हणतात. खामा म्हणजे लेखणी. गालिबने आपल्या एका शेरात हा शब्द वापरला आहे. लिहिणाऱ्याला आपल्या लेखणीचा आवाज किती प्रिय असतो, हे त्या एका शब्दावरून कळते.

पण एकाला प्रिय असलेला आवाज दुसऱ्याची झोपही मोडतो. देवनारला आमच्या शेजारी एक मुलगी राहते. घर एका खोलीचे, माणसे सहा. दिवसा ती दुकानात काम करते. नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा द्यायची, तर सराव रात्रीच करावा लागतो. तेव्हा दोन हातांवर तिची आजारी नानी झोपलेली असते. अशा घरात टाइपरायटर चालला असता का? शांत कळफलक आहे म्हणूनच तिचा अभ्यास होतो.

तरीही ती एकदा मला म्हणाली, "काका, अगदीच आवाज नसला ना, की हात चालला असं वाटतच नाही. झोप येते." मग तिच्या भावाने तिला ते सॉफ्टवेअर घालून दिले आणि कानात इयरफोन दिला. आता तिच्या कानात टाइपरायटर खटखटतो आणि नानी शांत झोपते. त्या लयीवर तिचा सरावही वाढला. मिनिटाला तीस शब्दांपर्यंत ती पोहोचली आहे.

मात्र एक गोष्ट ती पक्की जाणून आहे. चुकीचे अक्षर दाबले, तरी खटखट तशीच गोड वाजते. तो आवाज कळ दाबल्याचे सांगतो; अक्षर बरोबर आहे, असे सांगत नाही. म्हणून पान संपले, की ती इयरफोन काढते आणि ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासते.

मला वाटते, या छोट्या सॉफ्टवेअरची खरी किंमत येथे आहे. पूर्वी काम करणाऱ्याला उमेद देणारा आवाज साऱ्या घराला सोसावा लागे. आता तो ज्याला हवा, त्याच्यापुरताच राहतो. एका खोलीत सहा माणसांनी राहायचे, तर एकाची मेहनत आणि दुसऱ्याची विश्रांती, दोन्ही सांभाळावी लागतात. हे शहाणपण यंत्राने नंतर दिले. त्या घरातल्या माणसांकडे ते आधीपासूनच होते.