हेल्गोलांड: रहिवाशांना न विचारता दिलेले बेट

१८ एप्रिल १९४७. ब्रिटिश आरमाराच्या एका जहाजावरून कळ दाबली गेली आणि उत्तर समुद्रातल्या एका चिमुकल्या खडकाच्या पोटात रचून ठेवलेली सुमारे ६,७०० टन स्फोटके एकाच क्षणी उडाली. अणुबॉम्ब वगळता माणसाने घडवलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांमध्ये त्याची गणना होते. धुळीचा लोट आकाशात चढला, समुद्र थरारला. धूर विरला तेव्हा बेट होते तिथेच उभे होते. दक्षिणेकडचे टोक मात्र ढासळले होते. त्या ढासळलेल्या भागाला आज ‘मधला भाग’ म्हणतात आणि तिथे बेटाचे रुग्णालय आहे.

या बेटाचे नाव हेल्गोलांड. इंग्रजी पुस्तकांत ते ‘हेलिगोलंड’ म्हणून भेटते. जर्मनीच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ५० किलोमीटर आत आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या आवारापेक्षाही कमी. दर उन्हाळ्यात हजारो जर्मन पर्यटक आगबोटीने इथे येतात, करमुक्त दारू आणि अत्तरे खरेदी करतात, कड्यावरून चक्कर मारतात आणि बहुतेक जण दुपारच्या बोटीने परततात. आपण फिरलो त्या पायवाटेखाली केवढा इतिहास गाडला आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

प्रथम भूगोल, कारण इथला इतिहास त्यातूनच उगवला. बेट तांबड्या वालुकाश्माचे आहे. तो तांबडा रंग पाहून कोकणातल्या माणसाला जांभ्याची आठवण व्हावी, पण या दगडाची जात निराळी आणि समुद्राच्या माऱ्यापुढे तो फार ठिसूळ. वर हिरवळ, कडेला तांबडा कडा, खाली पांढरी वाळू. बेटाच्या ध्वजावर हेच तीन पट्टे आहेत. पूर्वी या तांबड्या खडकाला लागून पांढऱ्या चुनखडीचा दुसरा कडाही होता. माणसांनी तो दगड खणून खणून विकला आणि १७११ च्या वादळात उरलासुरला पांढरा कडा समुद्रात गेला. त्याच्या आधारावर तग धरून असलेली वाळूची पट्टीही पुढे दहा वर्षांत, १७२० च्या वर्षअखेरीच्या रात्री आलेल्या तुफानात तुटली. बेटाचे दोन तुकडे झाले. धाकटा तुकडा, म्हणजे ‘ड्यूने’ नावाचे वाळूचे बेट, आज स्नानाच्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. पर्यटक ज्या वाळूवर पहुडतात ती मुळात एका खाणकामाच्या हव्यासाची शिल्लक आहे.

इथले मूळ रहिवासी फ्रिजियन. त्यांची स्वतःची बोली आहे, हालुंडर. या बोलीत ते आपल्या बेटाला नुसते ‘भूमी’ म्हणतात. समुद्रात अन्य भूमी दिसतच नसेल, तर विशेषनामाची गरज काय! मासेमारी, शेवंडी पकडणे आणि परक्या जहाजांना धोक्याच्या खडकांतून वाट दाखवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. बेटावर मालकी मात्र नेहमी दुसऱ्याची. १७१४ पासून डेन्मार्कची, १८०७ पासून ब्रिटनची. नेपोलियनने युरोपचा किनारा ब्रिटिश मालाला बंद केला, तेव्हा ब्रिटनने हा खडक काबीज केला आणि बेटाचे नशीब काही वर्षे फळफळले. साखर, कॉफी, कापड यांची गोदामे भरली. रात्रीच्या अंधारात हा माल छोट्या गलबतांतून जर्मन किनाऱ्यावर चोरून उतरवला जाई. नेपोलियन पडला, तस्करी संपली आणि बेट पुन्हा गरीब झाले.

या गरिबीवर तोडगा काढला याकोब आंद्रेझेन सीमेन्स नावाच्या एका बेटवासीयाने. त्याने १८२६ मध्ये इथे समुद्रस्नानाचे केंद्र उभारले. समुद्राचे पाणी आणि खारी हवा हे औषध आहे, अशी श्रद्धा त्या काळी युरोपात पसरत होती. रोगी आले, त्यांच्यामागून धडधाकटही आले. बेटाचा आजचा पर्यटनाचा व्यवसाय तेव्हापासूनचा. त्याला दुसरेही एक कारण होते. जर्मन राज्यांत छापखान्यांवर कडक पहारा असे आणि हे बेट जर्मनांचे नव्हते. ब्रिटिश झेंड्याखाली जर्मन लेखक-कवींना मोकळेपणाने बोलता येई. कवी हाइनरिष हाइने १८३० च्या उन्हाळ्यात इथेच होता.

आणि इथेच एक गंमत घडली. ऑगस्ट १८४१ मध्ये होफमन फॉन फालर्सलेबेन नावाचा प्राध्यापक-कवी सुट्टीवर आला. २६ ऑगस्टला त्याने हायडनच्या एका जुन्या चालीवर जर्मनांच्या एकतेचे गीत लिहिले. ते गीत १९२२ मध्ये जर्मनीचे राष्ट्रगीत झाले आणि त्याचे तिसरे कडवे आजही राष्ट्रगीत आहे. जर्मनीचे राष्ट्रगीत ज्या भूमीवर लिहिले गेले, ती भूमी तेव्हा इंग्लंडच्या राणीची होती.

त्याच सुमारास, १८३७ मध्ये, हाइनरिष गेटके नावाचा तरुण चित्रकार समुद्र रंगवायला आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. सरकारी कचेरीत चिटणीस झाला आणि पक्ष्यांच्या नादी लागला. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांना विशाल समुद्रात विसाव्यासाठी हा एवढाच खडक. गेटकेने जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९१ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. १९१० मध्ये इथे स्थापन झालेले पक्षिनिरीक्षण केंद्र आजही चालू आहे. एका हौशी माणसाने, कोणी न सांगता, अर्धशतक नोंदवही लिहिली. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी या माणसापुढे क्षणभर थांबायला हरकत नाही.

आता १८९०. शाळकरी पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडते: ‘ब्रिटनने हेल्गोलांड देऊन जर्मनीकडून झांझिबार घेतले.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण बरोबर नाही. झांझिबार कधी जर्मनीचे नव्हतेच, तिथे स्वतंत्र सुलतान होता. १ जुलै १८९० च्या करारात जर्मनीने मान्य केले ते एवढेच, की झांझिबारवर ब्रिटनने संरक्षणाचा हक्क बसवला तर आपली हरकत नसेल. त्याबरोबर पूर्व आफ्रिकेतील विटूवरचा दावाही सोडला आणि सीमा आखून घेतल्या. बदल्यात हेल्गोलांड मिळाले आणि नैर्ऋत्य आफ्रिकेतून झांबेझी नदीपर्यंत पोहोचणारी एक चिंचोळी पट्टीही मिळाली. चॅन्सलर काप्रिवीच्या नावाने ओळखली जाणारी ती पट्टी आज नामिबियाच्या नकाशावर पुढे आलेल्या बोटासारखी दिसते. नदीवाटे थेट हिंदी महासागर गाठण्याची कल्पना त्यामागे होती. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे, ही अडचण मात्र कागदावर सुटण्यासारखी नव्हती.

दोन्ही बाजूंचा हिशेब समजण्यासारखा होता. जर्मनी तेव्हा बाल्टिक आणि उत्तर समुद्र जोडणारा कील कालवा खणत होती आणि त्याच्या तोंडासमोरच्या समुद्रात परक्याचा झेंडा तिला सलत होता. ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरीचे लक्ष नाईलच्या उगमाकडे होते. त्याच्या लेखी हा खडक निरुपयोगी होता. राणी व्हिक्टोरियाला हा व्यवहार रुचला नाही. लोक निष्ठावंत आहेत, त्यांना विचारले का, अशी तिची पृच्छा होती; आज हे दिले तर उद्या जिब्राल्टर सोडा म्हणतील, असाही इशारा तिने दिला. पण तिचे काही चालले नाही.

सुमारे दोन हजार बेटवासीयांना कोणीही विचारले नाही. ऑगस्टमध्ये एक झेंडा उतरला, दुसरा चढला आणि कैसर विल्हेल्म जातीने ताबा घ्यायला आला. मराठी वाचकाला हे दृश्य अनोळखी वाटू नये. १६६१ मध्ये मुंबईची बेटे एका पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला दिली गेली. त्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. तिथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारले होते? हेल्गोलांडकरांच्या वाट्याला निदान करारातल्या काही सवलती आल्या. ब्रिटिश नागरिकत्व हवे असेल तर ते निवडण्याची मुदत मिळाली आणि हस्तांतरापूर्वी तिथे जन्मलेल्यांना जर्मन सैन्यातील सक्तीच्या नोकरीतून सूट मिळाली.

सैन्यातून सूट मिळाली, पण सैन्यच घरी आले. कैसरने बेटाचे आरमारी ठाणे केले, कडा पोखरून बोगदे काढले, तोफा चढवल्या. १९१४ मध्ये युद्ध पेटताच सगळ्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. ते चार वर्षांनी परतले. व्हर्सायच्या तहाने बेटावरची तटबंदी पाडायला लावली आणि पर्यटक पुन्हा येऊ लागले.

त्यांतला एक पाहुणा १९२५ च्या जूनमध्ये आला. तेवीस वर्षांचा, परागकणांच्या त्रासाने चेहरा सुजलेला. घरमालकिणीला वाटले, हा कुठेतरी मारामारी करून आला आहे. तो होता वेर्नर हायझेनबर्ग. झाडे विरळ असलेल्या या खडकावर त्याचे नाक मोकळे झाले आणि डोकेही. एका रात्री तीनच्या सुमारास त्याची आकडेमोड जुळली. झोप येईना, तेव्हा तो बाहेर पडला आणि समुद्राकडे झुकलेल्या एका खडकावर चढून सूर्योदयाची वाट पाहत बसला. क्वांटम यांत्रिकीच्या जन्माची कथा याच रात्रीपासून सांगतात. शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ त्याच कारणासाठी या बेटावर जमले.

हिटलरच्या काळात बोगदे पुन्हा खणले गेले. पाणबुड्यांसाठी काँक्रीटची गोदी झाली. एप्रिल १९४५ मध्ये युद्ध हरल्याचे उघड दिसत असताना बेटावरच्या काही जणांनी, विनालढाई शरण जाऊन लोक वाचवावेत, असा बेत केला. तो फुटला. १८ एप्रिलच्या सकाळी अटका झाल्या आणि त्याच दिवशी सुमारे हजार विमानांनी बेटावर बॉम्ब टाकले. रहिवासी खडकातल्या बोगद्यांत बसून वाचले. मृतांत बहुतेक सैनिक होते. घरे मात्र राहिली नाहीत. तीन दिवसांनी, कुक्सहाफेनजवळ, पकडलेल्यांपैकी पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. युद्ध संपायला तीन आठवडेही उरले नव्हते.

पुढचा भाग अधिक कडवट आहे. विस्थापित बेटवासी मुख्य भूमीवर विखुरले. १९४७ चा तो महास्फोट तटबंदी नष्ट करण्यासाठी झाला आणि नंतरही ब्रिटिश हवाई दल रिकाम्या बेटावर बॉम्बफेकीचा सराव करत राहिले. ज्यांची घरे, ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी तिथे होत्या, ते किनाऱ्यावर बसून अर्ज लिहीत होते. ब्रिटनचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते: दोन महायुद्धांत या खडकाने त्यांना छळले होते. पण छळले ते आरमाराने, शेवंडी पकडणाऱ्यांनी नव्हे. शिक्षा मात्र त्यांना झाली.

२० डिसेंबर १९५० रोजी हायडेलबर्गचे दोन तरुण, रने लॉयडेसडॉर्फ आणि गेऑर्ग फॉन हाट्सफेल्ड, एका बोटीतून बेटावर उतरले. शस्त्र नव्हते. त्यांनी जर्मनीचा, हेल्गोलांडचा आणि युरोपीय चळवळीचा, असे तीन झेंडे रोवले आणि विमानवेधी तोफांच्या ज्या एकमेव बुरुजाने सगळे बॉम्ब सोसले होते, त्यात थंडीत मुक्काम ठोकला. बॉम्बफेक थांबवायची तर लक्ष्यस्थानी माणूस हवा, एवढा साधा विचार. आणखी लोक येऊन मिळाले. जानेवारीत सर्वांना बाहेर काढले गेले, पण वर्तमानपत्रांनी हा विषय सोडला नाही. १ मार्च १९५२ रोजी ब्रिटनने बेट परत केले.

परतलेल्यांपुढे खड्डे होते. न फुटलेले बॉम्ब वेचून, ढिगारे उपसून गाव पुन्हा वसवले गेले. तो तोफांचा बुरूज दीपस्तंभ झाला. स्फोटांतून तगलेल्या एका तुतीच्या झाडाला पुन्हा पालवी फुटली. ते आजही कौतुकाने दाखवले जाते. घरे बुटकी, रंगीत, एकमेकांना बिलगलेली. बंदरापाशी रांगेत उभी असलेली रंगीबेरंगी खोपटी म्हणजे शेवंडी पकडणाऱ्यांच्या जुन्या खोपटांची आठवण. आता त्यांत उपाहारगृहे आणि चित्रांची दुकाने आहेत. बेटावर खासगी मोटारी नाहीत आणि सायकलीही नाहीत. जर्मनीच्या वाहतूक नियमांत या एका बेटासाठी तसे स्वतंत्र कलमच आहे. खालच्या वस्तीतून वर जायला पायऱ्या आहेत, दमलेल्यांसाठी लिफ्ट आहे.

वायव्येच्या टोकाला ‘लांगे आना’, म्हणजे उंच ॲना, हा सत्तेचाळीस मीटरचा एकाकी सुळका उभा आहे. त्याच्याजवळच्या कड्यावर गिलेमॉट पक्ष्यांची वसाहत असते. जूनमधल्या संध्याकाळी त्यांची सुमारे तीन आठवड्यांची पिल्ले, पंखांत बळ येण्याआधीच, खाली समुद्रातून हाक मारणाऱ्या बापाच्या दिशेने कड्यावरून उडी घेतात. काही खडकावर आपटतात, चेंडूसारखी उसळतात आणि पाण्यात पोहत निघून जातात. हिवाळ्यात ड्यूनेच्या वाळूवर करड्या सीलांची पांढरी पिल्ले जन्माला येतात. पर्यटकांनी त्यांच्यापासून तीस मीटर लांब राहावे, असा नियम आहे.

आणि दर वर्षी १ मार्चला, जेव्हा वारा कापरा असतो आणि पर्यटक जवळजवळ नसतात, तेव्हा बेटवासी घरी परतल्याचा दिवस साजरा करतात.