लुगडी पाठवा

चाळीत राहणाऱ्याला शेजारच्या खोलीत रात्री कोण कुठे झोपतं हे ठाऊक असतं. म्हातारा दाराशी, कारण त्याला रात्री उठावं लागतं, लेकुरवाळी भिंतीकडेला, घरधनी रात्रपाळीला गेला की त्याच्या जागी गावाहून आलेला पुतण्या. हे कुणी मुद्दाम पाहत नाही. एकाच खोलीचा संसार आणि सगळ्यांची मिळून एक गॅलरी असली की ते कळतंच. किल्लारीच्या भूकंपाची बातमी लालबागच्या आमच्या चाळीत आली, ती अशा माणसांपर्यंत आली.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आमची माणसं चौपाटीवरून परतत असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, लातूर-उस्मानाबादकडची गावं जमीनदोस्त झाली. तिथलीही माणसं विसर्जन आटपून नुकतीच पाठ टेकून झोपली होती. टीव्ही असलेल्या खोलीत संध्याकाळी सगळा मजला दाटीवाटीने बसला. पडद्यावर किल्लारी, सास्तूर आणि नुसते दगडांचे ढीग. मृतांचा आकडा वाढत होता. शेवटी तो दहा हजारांच्या घरात गेला. बायका मात्र आकड्यापाशी थांबल्याच नाहीत. "बाळंतीण असंल एखादी, ती तर आतल्या खोलीतच असणार," कुणीतरी म्हणालं, आणि मग एकेक घर उभं राहत गेलं: चुलीपाशी कोण, ओसरीवर कोण, आजीच्या कुशीत कोण.

दगडामातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपेत अंगावर आलं. 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने एवढी माणसं गेली, याचं मोठं कारण हे बांधकाम होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत कपडे जमू लागले. साड्यांच्या घड्या पाहून साताऱ्याकडच्या एक मावशी चिडल्याच. "तिकडच्या म्हाताऱ्या लुगडी नेसतात. पाचवारी त्या कशा नेसायच्या?" मग ट्रंका उघडल्या, ठेवणीतली नऊवारी बाहेर आली. मावशींनी मराठवाडा कधी पाहिलेला नव्हता. पण सगळं गमावलेल्या म्हातारीला अनोळखी वस्त्रात अवघडायला लावू नये, हे त्यांना कळत होतं. कणव पुष्कळांना येते. समोरच्याला नेमकं काय लागेल हे कळायला रोज कुणाची तरी नड जवळून पाहिलेली असावी लागते. आणि नड या घरांनी पाहिली होतीच. 1982 च्या गिरणी संपात जिथे चूल पेटत नसे तिथे शेजारची वाटी न बोलता जायची. वाटी नेणाऱ्या बाईनेच आता लुगडं काढलं होतं.

तरीही चाळीचे गोडवे गाताना मला एक गोष्ट विसरता येत नाही. 1993 च्याच जानेवारीत ही मुंबई दंगलीत जळत होती, आणि खेटून राहणारी माणसं एकमेकांना ओळखत असूनही परकी झाली होती. आमची माया किल्लारीपर्यंत पोचली. पलीकडच्या मोहल्ल्यापर्यंत पोचायला मात्र तिला जड गेलं. जवळ राहिल्याने माणूस कळतो, पण ज्याच्याबरोबर राहिलो तोच. तेव्हा आपल्या गॅलरीत कोणाकोणाला जागा आहे, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

किल्लारीचं पुढे पुनर्वसन झालं. पार कोसळलेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंप सोसतील अशी घरं आली, शहरासारखे रुंद, सरळ रस्ते आले. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. घरं पक्की झाली, ते व्हायलाच हवं होतं. पण जुनी गल्ली पांगली. उंबऱ्यावरून बोलणाऱ्या बायकांमध्ये रस्त्याचं अंतर पडलं. आपत्तीतून वाचलेल्यांना शेजाराची सर्वांत जास्त गरज असते, आणि नकाशात नेमकी त्यालाच जागा उरली नाही.

आता गिरणगावातल्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. ते राहावेत, सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. माझी आराखडा काढणाऱ्यांकडे मागणी एवढीच आहे की, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट आणि दारांच्या मध्ये चार बायकांना पाय पसरून भाजी निवडता येईल एवढी उजेडाची जागा सोडा, आणि ती चटईक्षेत्राच्या हिशेबात कापू नका.