डोळा आणि सरकी

शेंदुरजनाघाटला थंडीच्या दिवसांत सकाळी गेलं, की वाफ्यांमधून माणसं उकिडवी बसलेली दिसतात. वरूड तालुक्यातलं हे गाव संत्र्याच्या कलमांचं. समोर पेन्सिलीएवढ्या जाडीचे जंबेरीचे खुंट, हातात लहान चाकू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या. मी ज्या दादांजवळ बसले होते, त्यांनी जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटाला एक आडवा आणि एक उभा छेद दिला, साल चाकूच्या टोकानं अलगद उचलली. मग संत्र्याच्या काडीवरचा, पानाच्या बेचक्यातला डोळा ढालीसारखा कापून त्या सालीखाली सरकवला आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. मला नीट पाहताही आलं नाही, तोवर ते पुढच्या खुंटाकडे सरकले होते.

“डोया उघडा ठेवा लागते बाई,” ते म्हणाले, “नाई तं थो फुटन कसा?”

दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर तो जगला. मग वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा. पुढे जन्मभर मूळ जंबेरीचं आणि फळ संत्र्याचं. सालीखालचा ओला थर एकमेकांना धरतो, पाणी इकडून तिकडे जातं, पण जंबेरी जंबेरीच राहते आणि संत्रा संत्राच.

मी त्या डोळ्याकडे बघत बसले. तो ज्या झाडावरून आला, ते झाडही अशाच एका डोळ्यातून वाढलेलं. रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपं आणली, असं आपल्याकडे सांगतात. तेव्हापासून हातोहात चाललेली ही डोळ्यांची साखळी. वरूड-मोर्शीच्या बागांतून एसटी जाते, तेव्हा खिडकीतून आपल्याला हजारो झाडं दिसतात. मला आता ती हजारो वाटत नाहीत. मोजक्या जुन्या झाडांच्याच त्या फांद्या आहेत, गावोगाव पसरलेल्या, आंबिया आणि मृग बहारात फुलणाऱ्या.

मग बियांचं काय? संत्र्याची एक बी सोलून हळूच दाबून बघा. आत हिरवट डाळिंब्या दिसतील आणि बरेचदा एकाऐवजी दोन-तीन गर्भ निघतील. त्यांतला फार तर एक पराग आणि बीजांड यांच्या मीलनातून झालेला असतो. बाकीचे आईच्याच अंगच्या पेशींतून उठलेले, हुबेहूब आईसारखे. जंबेरीचंही तसंच. म्हणून रोपवाटिकेत वाफा विरळताना वेगळी दिसणारी, उंचीला मागे पडलेली रोपं काढून टाकतात. दोघांचा अंश घेऊन आलेलं लेकरू बहुधा त्यांतलंच असतं. बागवानाचं बरोबर आहे, त्याला सारखे खुंट हवेत. पण ती उपटलेली रोपं बांधावर वाळताना पाहिली, आणि माझा पाय तिथून निघेना.

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत तर बियांचा प्रश्नच नाही. पानवेलीत नर वेल निराळी, मादी निराळी, पण मळ्यात त्याचं कोणाला काय. वेलीचा पेराचा तुकडा मातीत खोचला, की पेरातून मुळं सुटतात. केळीचे मुनवे, हळदीची गाठ, सगळ्यांची हीच वाट.

पऱ्हाटीचं मात्र तसं नाही. तिला बीच लागतं, आणि आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना तर तिच्या बीवरचे केसच लागतात. कापूस म्हणजे सरकीचे केस. एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांब लांब होत गेलेली. फूल ज्या दिवशी उमलतं, त्याच दिवशी या पेशी वाढायला लागतात. अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी फिकट पिवळं, संध्याकाळपर्यंत गुलाबी झाक, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं. त्या एका सकाळीच काय व्हायचं ते होतं. मग बोंड भरायचं, आणि साधारण दीड महिन्यानं फुटायचं.

माझ्या मावशीनं एक हंगाम सीड प्लॉटवर काढला. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलं होतं. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरायची. नखानं पाकळ्या आणि परागकोशांची नळी गोल फिरवून काढून टाकायची, मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची, आणि वरून झाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं उमललेलं फूल तोडून त्याचे पराग त्या काडीच्या टोकाला लावायचे, देठाला दोरा बांधायचा. “नख जरासं खोल गेलं, की बोंड गेलं मायं,” ती सांगायची. 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेलांनी एच-4 हे संकरित वाण दिलं, तिथून ही रीत देशभर गेली. आमच्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही हायब्रीड-2 काढलं. 2002 नंतर बीटी आली. यातल्या प्रत्येक पाकिटामागे कुठल्या तरी बाईचं नख आहे, हे मला फार जवळचं वाटतं.

पण संकराचं बी एकाच पिढीचं. दुसऱ्या वर्षी तेच पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, आजोबा-आजीचे गुण वेगवेगळे फुटून निघतात. म्हणून दरवर्षी पाकीट. माझ्या आजीच्या घरी देशी पऱ्हाटीची सरकी गाडग्यात असायची. मृगाच्या आधी ती शेणकाल्यात घोळून, राखेत घासून मोकळी करायची, म्हणजे पेरताना बोटांना चिकटत नाही. ते गाडगं आता नाही. त्याचं मला दुःख आहे, आणि ते मी लपवत नाही.

जे जमिनीला खिळलेलं आहे, त्याला दुसऱ्याकडे जायला कोणीतरी लागतंच. मेळघाटात मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळांसाठी. चिखलदऱ्याच्या ओल्या कपारीतल्या नेच्याचं पान पावसाळ्यात उलटून पाहिलं, तर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्यांतली भुकटी ओल्या दगडावर पडते, तिच्यातून नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो, बदामाच्या आकाराचा. त्या पापुद्र्यावर नरबीज पाण्यातून अक्षरशः पोहत मादीपर्यंत जातं. पाण्याचा थेंब नसेल तर भेट नाही. फुलं नव्हती तेव्हापासूनची ही रीत.

अमरावतीच्या घराच्या परसात माझ्याकडे एकच देवकपाशी आहे. आजीच्या अंगणातल्या झाडाची ही तिसरी पिढी. तिला पाकीट लागत नाही, शेजारची मधमाशी पुरते. बोंडं फुटली, की मी दुपारी वाती वळायला बसते. बोटांनी कापूस ओढते, सरकी सुटते, ती वाटीत टाकते. परवा शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या.

“दोन-चार बिया दे वं. माह्या दारापाशी लावतो.”

मी वाटीच पुढे केली. त्यांनी चार निवडून घेतल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि विचारलं, “पाणी रोज द्यायचं का?”